मुलीने ब्लॉक केलं, आता फोटो काढून टाकू का?

“ताई, मी इथे परदेशात रीतसर परवाना काढून, ठरलेल्या हंगामातच हरणाची शिकार करतो. मांस घरी खातो, काही वाया जात नाही. फोटो फेसबुकवर टाकतो. परवा त्यातला एक फोटो मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरला आणि तिने मला ब्लॉक केलं. बायको म्हणते, सगळे फोटो काढून टाका. मी काय चोरी केलीय? नावं ठेवणारे स्वतः कोंबडी खातातच ना?”

चोरी नाही केलीत. कोंबडीचा मुद्दाही बिनतोड आहे, फक्त तुमच्या उपयोगाचा नाही. वादात हरली म्हणून कुठली मुलगी बापाला अनब्लॉक करते?

सोबत पाठवलेला फोटो नीट पाहिला. हरणाच्या मानेवर तुमचा गुडघा, एका हाताने शिंग वर ओढलेलं, दुसऱ्या हाताचा अंगठा वर. हरणाची जीभ बाहेर, नाकाखालच्या गवतावर रक्त. आणि तुमचं हसू अगदी मनापासूनचं. ते कशाचं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे: अंधारात जाऊन तासन्‌तास गप्प बसणं, वारा फिरल्यामुळे हुकलेली संधी, नेम पक्का वाटला नाही म्हणून न झाडलेली गोळी. बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो मेलेला प्राणी आणि खुशीत असलेला माणूस. उरलेली गोष्ट तो मनाने रचतो, आणि त्यात तुम्ही चांगले नसता.

मुरलेल्या शिकाऱ्यांना हे कळतं. रक्त पुसा, जीभ आत सरकवा, जनावरावर बसू नका, बंदूक रिकामी करून बाजूला ठेवा, असं ते नवख्यांना बजावतात. (जनावराच्या बरंच मागे बसून शिंगं मोठी दाखवायची युक्तीही त्यांचीच, ते असो.)

‘फक्त मित्रांना दिसेल’ असं सेटिंग करून भागेल, या भ्रमात राहू नका. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ब्लेक फिशर हे मासे आणि वन्यजीव आयोगाचे सदस्य होते. नामिबियातल्या शिकारीचे फोटो त्यांनी ओळखीच्या लोकांना नुसते ईमेलने पाठवले. एका फोटोत मारलेल्या बबून माकडांचं कुटुंब आणि मागे हसणारे फिशर. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. वाद शिकार कायदेशीर होती की नाही, याचा नव्हताच. आणि राजीनामा मागणाऱ्यांत त्याच आयोगाचे माजी सदस्य होते.

तुमच्याकडे परवाना आहे, म्हणून प्रश्न फोटोपुरता आहे. भारतात, मोजके अपवाद सोडले तर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हाच गुन्हा आहे. तिथल्या कुणी असा फोटो टाकला तर तो पोलिसांच्या हाती आयता पुरावा देतो.

आता मुलीचं. तो एक फोटो आजच काढून टाका, आणि ‘तुझ्यासाठी काढून टाकला’ असं ऐकवू नका. मग तिला भेटा. बायकोला मध्ये घालू नका. शिकारीबद्दल माफी मागायची गरज नाही, पण तुमच्या फोटोमुळे तिला वर्गात तोंड लपवावं लागलं, याबद्दल जरूर मागा. आणि विचारा, तिला नक्की काय लागलंय: शिकार, तुमचं ते हसू, की मैत्रिणींचे टोमणे? टोमणे असतील तर काही दिवसांत निवळेल. हसू असेल तर त्या पहाटेची पूर्ण गोष्ट तिला सांगा, कदाचित तिने ती कधी ऐकलीच नसेल. शिकारच पटत नसेल, तर ऐकून घ्या. ती मोठी आहे, तिला तिचं मत असू शकतं. तुम्ही छंद सोडलाच पाहिजे असं काही त्यातून ठरत नाही. तेवढी ती कोंबडी मात्र मध्ये आणू नका!

बाकीचे फोटो फेसबुकवरून उतरवून अल्बममध्ये लावा आणि शिकारीतले दोस्त घरी आले की दाखवा. त्यांना न सांगता सगळं कळतं. या हंगामात नवीन काही टाकू नका, आणि जुन्या फोटोखाली भांडणाऱ्या अनोळखी लोकांना उत्तरं देत बसू नका. तुमची मुलगी तीही वाचत असेल.

– ताई