मी समजावून दमले, मॅडम

"ह्यांना सगळं कळतं हो मॅडम, पण वळत नाही." समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरची व्यक्ती नीट बसायच्या आत ते येणार, हे मला चेहऱ्यावरूनच कळतं. कधी ते नवऱ्याच्या सिगारेटबद्दल असतं, कधी रात्रभर मोबाइल न सोडणाऱ्या मुलाबद्दल, कधी मधुमेह असूनही गोड न सोडणाऱ्या आईबद्दल. आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "आता आणखी कसं समजावू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे : समजावणं थांबवा. ते ऐकून माणसं दुखावतात. इतकी तळमळ, आणि ही बाई म्हणते गप्प बसा! म्हणून एका जोडप्याची गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

आधी बाई एकट्याच आल्या. पर्समधून त्यांनी चार घड्यांचा एक कागद काढला. सिगारेटमुळे होणाऱ्या आजारांची यादी, स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. उघडून उघडून कागद घड्यांवर फाटायला आला होता.

"हा मी ह्यांना कितीदा वाचून दाखवलाय."

"मग ते काय म्हणतात?"

"म्हणतात, आमच्या काकांनी जन्मभर ओढली, ऐंशी वर्षं जगले."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणते, सगळेच काका नसतात. मग भांडण होतं. मग हे उठून बाहेर जातात."

"बाहेर जाऊन काय करतात?"

त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ओढतात."

त्या कागदात खोटं काहीच नव्हतं. पण ज्या माणसाला आजार माहीत नाहीत, त्याच्यासाठी तो कागद होता. त्यांचे यजमान तिथे उभेच नव्हते. १९८३ साली जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी, सिगारेटची सवय स्वतःच्या बळावर बदलू पाहणाऱ्या ८७२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की माणूस एका उडीत बदलत नाही. आधी सोडण्याचा विचारही मनात नसतो. मग विचार येतो, पण निर्णय होत नाही. मग तयारी (ही पायरी पुढे जोडली गेली), मग प्रत्यक्ष सोडणं, आणि त्यानंतर ते टिकवणं. खरी मोलाची गोष्ट पुढची आहे : प्रत्येक पायरीवर उपयोगी पडणारी गोष्ट वेगळी असते. विचार चालू असताना माहिती आणि स्वतःकडे नव्याने बघणं कामी येतं. सोडल्यानंतर मात्र हाताला दुसरं काम देणं, मोहाच्या जागा टाळणं, कुणाचा तरी आधार असणं हे लागतं. घरच्यांची घाई होते ती इथेच. माणूस अजून "सोडू की नको" यात अडकलेला असतो आणि आपण त्याला "आजपासून बंद" म्हणतो.

मी बाईंना तीन आठवडे सिगारेट हा विषयच काढू नका म्हटलं. "म्हणजे मी काहीच करायचं नाही?" त्यांचा आवाज चढला. मी म्हटलं, "ते स्वतःहून काही बोलले तर पूर्ण ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते तुम्हालाच जमण्यासारखं आहे."

पुढे गृहस्थ आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "बायको म्हणाली म्हणून आलोय."

"हरकत नाही. मी तुम्हाला सोडा म्हणणार नाही. मला एवढंच सांगा, सिगारेट तुम्हाला काय देते?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "हे आजवर कुणी विचारलं नाही."

मग बोलायला लागले. ऑफिसात दिवसभर कुणाला ना कुणाला त्यांच्याकडून काहीतरी हवं असतं. घरी आलं की घरच्यांना हवं असतं. "सिगारेट ओढताना माझ्याकडे कुणी काही मागत नाही मॅडम. तेवढा वेळ माझा."

मी काही बोलले नाही. अशा जागी गप्प राहता येणं हे या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे असं मी मानते, आणि ते मी मेहनतीने कमावलंय. खोलीत बराच वेळ शांतता होती. मग तेच म्हणाले, "पण खरं सांगू? दिवसातल्या दोन-तीनच मला हव्या असतात. बाकीच्या नुसता हात जातो म्हणून." आणि हे बोलता बोलता त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला होता. तो त्यांनी स्वतःच पाहिला. अर्ध्यावर थांबवला. "बघा," ते म्हणाले, "हे असं."

माझ्या दृष्टीने बदल त्या क्षणी सुरू झाला. सोडण्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. अशा माणसाच्या मनात दोन बाजू आधीपासूनच भांडत असतात. त्यातली "सोडायला हवी" ही बाजू घरच्यांनी उचलली की त्याच्या वाट्याला बोलायला एकच बाजू उरते, काकांची. "सोडायला हवी" ही बाजू आपण सोडून दिली की तो स्वतःच ती बोलून दाखवतो, आणि माणूस दुसऱ्याचं ऐकून जेवढा बदलतो त्याहून जास्त स्वतःच्या तोंडचं ऐकून बदलतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूचा त्रास असलेल्यांबरोबर काम करताना ही संवादाची रीत मांडली, तीही १९८३ मध्येच. माझी सगळी भिस्त या रीतीवर आहे.

प्रोचास्का-डिक्लेमेंटे यांच्या पायऱ्यांच्या मांडणीवर टीकाही झाली आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये ती सोडून द्यावी असंच लिहिलं. सहा महिन्यांच्या आत सोडायचा विचार असेल तर माणूस अमुक पायरीवर, महिन्याच्या आत असेल तर पुढच्या, या रेषा मनाने ओढलेल्या आहेत आणि कित्येक जण कुठलीही तयारी न करता एका दिवसात सोडतात, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. सिगारेट सोडण्याबद्दलच्या चाचण्यांचा २०१० मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही पायरीनुसार दिलेली मदत तशाच साध्या मदतीपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून मी कुणाला खान्यात बसवत नाही. पण "हा माणूस आज कुठे उभा आहे?" हा प्रश्न मी सोडणार नाही, कारण त्याने घरातली भांडणं थांबताना मी पाहिलीत.

तुमच्या घरीही तोच विचारून बघा. तो विषय निघताच माणूस उसळत असेल, तर वाद घालू नका. नातं शाबूत ठेवणं हीच त्या वेळची मदत. "सोडायचीय, पण..." असं म्हणत असेल, तर त्या "पण"च्या पुढचं ऐका, खोडू नका. आणि "कशी सोडू?" असं विचारू लागला, की आजारांची यादी पूर्णपणे बाजूला ठेवा. तिथे तारीख लागते, योजना लागते.

या गृहस्थांनी तारीख स्वतः ठरवली. डॉक्टरांना भेटून निकोटीनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) घेतले. समुपदेशनाला औषधाची जोड मिळाली तर यशाची शक्यता वाढते, त्यात कमीपणा काही नाही. पहिले काही दिवस सगळ्यात कठीण असतात, दोन ते चार आठवड्यांत चिडचिड आणि अस्वस्थता बरीच ओसरते, आणि तलफेची एकेक लाट सहसा काही मिनिटांतच उतरते, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं. (प्रश्न रोजच्या भरपूर दारूचा असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं.)

पण सगळ्यात उपयोगी पडली ती वेगळीच गोष्ट. "तेवढा वेळ माझा" हे वाक्य मी विसरले नव्हते. दोघांना समोर बसवून विचारलं, हा वेळ सिगारेटशिवाय कसा मिळेल? बाईच म्हणाल्या, "ऑफिसातून आल्यावर वीस मिनिटं ह्यांना कुणी हाक मारणार नाही. मुलंसुद्धा." गृहस्थ बायकोकडे बघतच राहिले.

काही महिने छान गेले. मग एके दिवशी बाईंचा फोन. "सगळं पाण्यात गेलं मॅडम. काल एक ओढली, आणि आज पाकीटच आणलंय."

एक आणि पाकीट यांच्या मधे काय होतं, हे ॲलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये नेमकं दाखवलं आहे : "माझ्याच्यानं होणारच नाही" ही शरम. एक सिगारेट ही चूक असते. पाकीट येतं ते या शरमेमुळे. प्रोचास्का आणि सहकाऱ्यांच्या १९९२ च्या लेखात तर नोंद आहे की सिगारेट कायमची सुटण्याआधी माणसं सरासरी तीन ते चार वेळा प्रयत्न करतात. मी बाईंना म्हटलं, "रागावू नका, शाबासकीही देऊ नका. दोघं या."

आले. गृहस्थांची मान खाली. मी विचारलं, "इतके महिने कसे जमले?" ते चमकले, त्यांना वाटलं होतं, मी कालचं विचारेन. महिन्यांचं सांगता सांगता कालचंही आपोआप आलं. चार दिवस घरात पाहुणे होते. वीस मिनिटं एकदाही मिळाली नव्हती, आणि तसं सांगायला संकोच वाटला होता.

"मग पाहुण्यांसमोर मला सांगायचं तरी," बाई म्हणाल्या.

"तुझी आधीच धावपळ चालली होती."

नवी तारीख त्यांनी तिथेच ठरवली, पुढच्या सोमवारची. घर भरलेलं असेल तेव्हा ती वीस मिनिटं कुठून काढायची, हे दोघांनी जाण्याआधी लिहून काढलं.