प्रॉबेबली, पॉसिबली, माइट: सगळं 'कदाचित'च का?

प्रश्न : इंग्लिश रिपोर्ट वाचताना प्रॉबेबली, पॉसिबली, लाइकली, माइट या सगळ्यांचा अर्थ मला 'कदाचित' असाच लागतो. खरंच काही फरक असतो का हो?

उत्तर : असतो, आणि चांगलाच असतो. प्रॉबेबली, लाइकली म्हणजे होण्याकडे कल जास्त, पॉसिबली आणि माइट म्हणजे शक्यता नाकारत नाही, बस एवढंच. मस्टची गंमत वेगळीच, 'ही मस्ट बी टायर्ड' म्हणजे तो दमलाच असणार, एकदम ठाम वाटतं पण आहे तो अंदाजच, नक्की माहीत असतं तर सरळ इज म्हटलं असतं ना.

आता टक्के विचाराल तर इंग्रजीवाल्यांचंही एकमत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर रिपोर्टात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे असं लिहिलं होतं, नंतर सीआयएच्या शर्मन केंटने तो तयार करणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं की म्हणजे नेमकं किती, तर कोणी २० टक्के म्हणतोय, कोणी ८०! (आणि सही सगळ्यांची एकाच वाक्याखाली.)

हवामानबदलाच्या रिपोर्टांसाठी आयपीसीसीने (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) तर आकडेच ठरवून टाकलेत, लाइकली म्हणजे किमान ६६ टक्के, व्हेरी लाइकली ९०, व्हर्च्युअली सर्टन ९९. तुमच्या रिपोर्टात असा तक्ता नसेल तर मात्र मनाने आकडा धरू नका, लिहिणाऱ्यालाच विचारा.