मागच्या डिफला लॉकर: आधी झाकण उघडा, मग खरेदीचं बोला

प्रश्न: माझ्या जुन्या पिकअपला मागे डाना ४४ एक्सल आहे, रेशो ३.७३ (चाकाच्या एका फेरीला ड्राइव्हशाफ्टच्या ३.७३ फेऱ्या). मागचा हौदा रिकामा असला की ओल्या चढावर एक चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी हलत नाही. गाडी रोज कामाला लागते. लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग, बसवायचा आहे, पण पैसे बेताचे आहेत. एक मित्र म्हणतो, डिफच्या (डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा एक्सलमधला गिअरचा संच) आतले गिअर वेल्ड करून टाक, फुकटात काम होईल. दुसरा म्हणतो, एअर लॉकर (हवेच्या दाबानं लागणारा) सोडून काही घेऊच नकोस. पुढेमागे मोठे टायर घालून रेशो ४.१० करायचंही मनात आहे. नेमकं काय घेऊ?

उत्तर: वेल्डिंगचं आधी निकालात काढते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते करू नका. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि वेल्ड केलेलं डिफ ते होऊच देत नाही. मग दर वळणाला टायर घासतो आणि पीळ एक्सल शाफ्टवर येतो. गिअरचं कडक पोलाद वेल्डही नीट धरत नाही. एखादा तुकडा सुटून क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे डिफच्या दोन मुख्य गिअरमध्ये, गेला, तर अख्खं डिफ बदलायची वेळ येते.

तुमची गाडी अडकते कारण साधं डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. घसरणाऱ्या चाकाला फिरायला जेवढा पुरतो, तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो. म्हणून हौद्यात एक्सलच्या वर थोडं वजन टाकून आणि टायरची हवा कमी करून तो चढ आधी एकदा चढून बघा. याला खर्च काहीच नाही. चढ संपला की हवा मात्र पुन्हा भरायची.

तरीही लॉकर हवाच असेल, तर तुमच्या बजेटला बसणारा प्रकार म्हणजे लंचबॉक्स लॉकर. पॉवरट्रॅक्सचा लॉक-राइट किंवा ऑसी लॉकर याच जातीचे. तुमच्या मूळ केजमधले (हे गिअर धरून ठेवणाऱ्या कवचातले) छोटे गिअर काढून त्यांच्या जागी हा बसतो. केज, क्राऊन, पिनियन सगळं तेच राहतं. डेट्रॉइट लॉकर, ईटनचा ई-लॉकर, एआरबीचा एअर लॉकर हे सगळे केजसकट बदलायचे. त्यात नवी बेअरिंग, शिम (पातळ चकत्या), बॅकलॅशचं म्हणजे दातांमधल्या मोकळिकीचं सेटिंग आणि ते जमणारा मेकॅनिक आला. बजेट मोडतं ते बहुतेक वेळा इथेच, लॉकरच्या किमतीत नाही.

म्हणून आधी डिफचं झाकण उघडा. तेलात चमचमणारी बारीक पूड चुंबकाला थोडी लागली, तर घाबरू नका. पण बोटाला टोचतील असे कण निघाले, क्राऊनचे दात टवकलेले दिसले किंवा चालवताना डिफ रडल्यासारखा आवाज करत असेल, तर माझं उत्तर बदलतं. बेअरिंग आणि सेटिंगचा खर्च तुम्हाला तसाही करावाच लागणार. मग त्याच मजुरीत पूर्ण लॉकर (केजसकट येणारा) बसवून घ्या, भले काही महिने थांबावं लागो.

४.१० चं काय ते मात्र आत्ताच ठरवा. डाना ४४ ला ३.७३ पर्यंत एक केज आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. आज ३.७३ च्या मापाचा पूर्ण लॉकर घेतला आणि उद्या ४.१० ची साधी क्राऊन-पिनियन आणली, तर ती त्यावर बसणार नाही. अशा जोडणीसाठी जाड क्राऊन मिळते, पण हे ठाऊक असून घेणं वेगळं आणि नंतर अडणं वेगळं. ऑर्डर देण्यापूर्वी एक्सल शाफ्टचे स्प्लाइनही (टोकावरचे दात) स्वतः मोजा. जुन्या गाडीत आधीच्या मालकानं काय बदललंय ते कागदांवर कळत नाही.

लंचबॉक्सचा स्वभाव आधी समजून घ्या. वळणावर बाहेरचं चाक पुढे पळतं तेव्हा आतून टक-टक आवाज येतो. तो दोष नाही. वळणात अॅक्सिलरेटर दाबला तर मागची बाजू गाडीला सरळ ढकलू बघते, आणि पाय एकदम काढला की झटका बसतो. पिकअपचा व्हीलबेस लांब, त्यामुळे हे छोट्या जीपइतकं जाणवत नाही. पण निसरड्या रस्त्यावर मागचं टोक बाजूला सरकू शकतं. गाडी घरातलं दुसरं कोणी चालवत असेल, तर त्यांना हे आधी सांगा, शेजारी बसून दोन-चार वळणं घ्यायला लावा. हा मुद्दा मला किमतीपेक्षा मोठा वाटतो.

हे नको असेल तर डेट्रॉइट ट्रूट्रॅक बघा. तो गिअरवर चालतो, रस्त्यावर अगदी शांत. पण तो लॉकर नाही: एक चाक पूर्ण हवेत गेलं की ब्रेक हलका दाबून धरावा लागतो. आणि केज बदलायचा असल्यानं सेटिंगचा खर्च याला सुटत नाही. एअर लॉकर उत्तमच. गरज असेल तेव्हा लावा, एरवी साधं डिफ. पण तुमच्या एका चढासाठी कॉम्प्रेसर, पाइप आणि सेटिंग एवढं सगळं आत्ता करू नये, असं माझं मत.

स्वतः बसवणार असाल, तर केज बाहेर काढण्याआधी बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर पंचनं खूण करा. कॅप आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा ज्या बाजूच्या त्याच बाजूला परत गेल्या पाहिजेत. डाना ४४ मध्ये शिम बेअरिंगच्या आतल्या बाजूला असतात, म्हणून बेअरिंग उपसू नका. सेटिंग जागेवर राहतं. मधल्या आडव्या पिनला चर पडला असेल तर नवी घाला. लॉकरच्या दोन अर्ध्यांमधली फट फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, आणि ती कंपनीनं दिलेल्या मापाबाहेर असेल तर तसंच दामटू नका.

शेवटी गाडी स्टँडवर घेऊन दोन्ही मागची चाकं उचला, गिअर टाकलेला ठेवा. एक चाक हातानं पुढे फिरवून अडेल तिथे धरून ठेवा. दुसरं मागे फिरवल्यावर टक-टक करत मोकळं फिरलं पाहिजे. मग बाजू आणि दिशा बदलून तेच करा. कुठेही दोन्ही चाकं एकदम अडकली, तर गाडी रस्त्यावर काढू नका. झाकण पुन्हा उघडा.