जुन्या गाडीत बॅटरी, एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि इंजिनचे दिवे एकदम लागतात. मेकॅनिक बॅटरी बदलायला सांगतो. बदलावी का?

आपली पेट्रोल गाडी २०१४ ची आहे, एसी आणि हेडलाइट लावून सिग्नलला थांबलात की हे तिन्ही दिवे लागतात, त्यातही बॅटरीचा मंदच पेटतो, आणि वेग घेतला की सगळे विझतात, असे आपण लिहिले आहे. एवढ्यावरून मी तरी नवी बॅटरी घेणार नाही. ब्रेकची आणि इंजिनची यंत्रणा एकाच क्षणी बिघडते व पुढच्याच क्षणी सुधारते, हे मानण्यापेक्षा दोघींना वीज कमी पडते आहे, हे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

बॅटरीचे चित्र असलेला दिवा चार्जिंगची स्थिती दाखवतो. अनेक जुन्या गाड्यांत त्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, जोडलेला असतो. दोन्हीकडचे व्होल्टेज सारखे झाले की दिवा विझतो. मंद पेटला तर अल्टरनेटरमधले ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले असतील, त्यातला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला असेल किंवा एखादा जोड गंजला असेल.

साधा मल्टिमीटर घेऊन सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी बॅटरीवर लावावा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवे. आता एसी, ब्लोअर आणि हेडलाइट लावून, आपला सिग्नल जणू घरासमोरच उभा करून, पुन्हा पाहावे. आकडा १३ च्या खाली घसरला तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा आणि अल्टरनेटर तपासावा, १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर.

माझा पहिला संशय मात्र अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह खुंटी इंजिनला आणि बॉडीला जोडणाऱ्या केबलवर आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखाली तर त्याहून बरेच अधिक तापते. वायरींचे आवरण कडक होऊन तडकते आणि पाऊस लागला की त्याच तडांतून ओल शिरून तांबे हिरवे पडते. (उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही बॉनेट उघडले असताना पाहून घ्यावे.) इंजिन आणि सर्व उपकरणे चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावी, आणि नंतर बॉडीवर. ०.२ व्होल्टहून अधिक आले तर ती केबल काढून दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासावीत किंवा केबलच बदलावी. हा खर्च बॅटरीच्या मानाने किरकोळ आहे.

गॅरेजमध्ये गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यास ते कोड पुसण्यापूर्वी लिहून घ्यावेत. पी०५६२ आला तर त्याचा अर्थ व्होल्टेज कमी पडले एवढाच. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची रीत काही ठिकाणी अजून दिसते. ती करू देऊ नये, कारण व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जळू शकतो.

हे सारे ठीक निघाले आणि लोड टेस्टमध्ये (बॅटरीवर भार टाकून घेतलेल्या चाचणीत) बॅटरी नापास झाली, तर ती अवश्य बदलावी. तोवर रात्रीचा लांबचा प्रवास टाळावा. वर्धा रोडवर मध्येच बॅटरीचा दिवा ठळक लाल होऊन तसाच राहिला तर एसी बंद करून जवळचे गॅरेज गाठावे. सोबत तापमानाचा काटाही चढू लागला तर मात्र तिथेच इंजिन बंद करावे, कारण पट्टा तुटला असेल आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो.