सुखी देशात पंक कशाला?

प्रश्न : फिनलंड म्हणे जगातला सर्वांत सुखी देश. मग तिथल्या पंकवाल्यांना, म्हणजे ते संतापलेलं, धडधडणारं रॉक संगीत वाजवणाऱ्यांना, चिडायला होतं तरी काय?

उत्तर : अहो, चिडायला निमित्त लागतं होय? पेर्त्ती कुरिकान निमिपाइवात हा हेलसिंकीचा बँड ऐका. बौद्धिक अक्षमता असलेले चौघे जण. २०१५ साली व्हिएन्नात युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेत त्यांनी जेमतेम दीड मिनिटाचं गाणं वाजवलं. त्या स्पर्धेतलं सर्वांत छोटं! तक्रार काय, तर सतत भांडी घास, डॉक्टरकडे जा, गोड खाऊ नको. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सूचना ऐकणाऱ्याचा हा संताप. उपान्त्य फेरीतच गारद झाले, पण मला त्या वर्षातलं दुसरं एकही गाणं आठवत नाही.

जुनं हवं असेल तर स्वीडनच्या सीमेवरच्या तोर्निओ गावचा, १९८० मध्ये निघालेला ‘तेर्वेत कॅदेत’ हा बँड ऐका. गाणी इतकी तोकडी की चहा ओतेपर्यंत दोन संपतात. भाषा अस्सल फिनिश, तरी थेट ब्राझीलच्या हार्डकोर (म्हणजे आणखी वेगवान, कर्कश पंक) बँडांनी त्यांचा कित्ता गिरवला. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. आवाज मात्र मोठा ठेवा, शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत.