फोन न करणारा सावकार

मिरजेहून एका वाचकाचं पत्र आलंय. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑफिस सुपरिंटेंडेंट आहेत, वय ४४, हातात पगार ५२ हजार. पत्र थोडक्यात असं:

"जूनमध्ये आम्ही भाड्याचं घर बदललं. जुन्या घरचं ब्रॉडबँड बंद करायला सांगितलं होतं. वायर सोडवायला आलेला मुलगा 'झालं काका, बंद केलं' म्हणाला आणि गेला. आता या जानेवारीत फोन कंपनीच्या वसुलीवाल्यांनी जीव नकोसा केलाय. ४,८३५ रुपये मागतात, दिवसाला सहा-सात फोन. परवा प्राचार्यांच्या केबिनमधल्या लँडलाइनवर केला. व्हॉट्सॲपवर तराजूचं चित्र असलेली नोटीसही आली. पुढच्या दिवाळीत २५ लाखांचं गृहकर्ज घ्यायचा विचार आहे, सिबिल खराब होईल ही भीती. पैसे भरून मोकळा होऊ की भांडू? एरवी आमचं काहीच थकत नाही. सगळी बिलं क्रेडिट कार्डवर ऑटो-पे आहेत आणि कार्डचं मिनिमम मी दर महिन्याला न चुकता भरतो. बँकेतल्या मॅडमच्या सल्ल्यानं वर्षाला ६० हजारांची गॅरंटीड पॉलिसी चालू आहे, तीन हप्ते झाले, चौथा फेब्रुवारीत. कॉलेजकडून वेतनफरकाचे दीड लाख यायचे आहेत, ते आले की कार्ड नील करणार."

सोबत नोटिशीचे आणि जुलैपासूनच्या कार्ड स्टेटमेंटचे फोटो आहेत. कार्ड नंबर झाकून पाठवलेत, ते बरं केलंत.

साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. पण आधी एक प्रश्न मी विचारतो: जूनमध्ये बंद केलेल्या ब्रॉडबँडसाठी पहिला फोन यायला जानेवारी का उजाडला?

उत्तर तुमच्याच स्टेटमेंटात आहे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, चारही महिन्यांत ७०७ रुपयांची एक ओळ आहे. ५९९चा प्लॅन, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे कनेक्शन कुणीच बंद केलं नव्हतं, बिल निघत होतं आणि तुमचं कार्ड ते मुकाट्यानं भरत होतं. तुम्ही स्टेटमेंटातला फक्त मिनिममचा आकडा बघता, त्यामुळे २,८२८ रुपये गेल्याचं तुम्हाला कळलंच नाही. नोव्हेंबरपासून ऑटो-पे फसायला लागला, कारण कार्डची मर्यादा १ लाख ४० हजार आणि बाकी १ लाख ३९ हजार ६००. चारशे रुपयांच्या जागेत सातशे सात कसे मावणार? तिथून बिल थकलं, दंड लागला आणि वसुलीवाले जागे झाले. फोन कंपनीचे फोन येतायत ते कार्ड गळ्यापर्यंत भरलंय म्हणून. त्या मुलाचे एका अर्थी आभारच माना. त्यानं नीट काम केलं असतं तर हे पत्र तुम्ही मला लिहिलं नसतं.

आता कार्डचा हिशोब. स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात व्याजदर छापलाय, दरमहा ३.५ टक्के. दरमहा हं, दरसाल नाही. १ लाख ३९ हजार ६००वर महिन्याचं व्याज झालं ४,८८६. या व्याजावरही १८ टक्के जीएसटी, म्हणजे अजून ८८०. मिळून पावणेसहा हजार. तुम्ही मिनिमम भरता पाच टक्के, म्हणजे सात हजाराला थोडे कमी. त्यातले पावणेसहा व्याजात गेले, मुद्दल कमी झालं बाराशेनं. आणि लगेच तुमच्या घरच्या दोन पोस्टपेड नंबरांचं ११७८चं बिल त्याच कार्डवर पडतं. झालं, बाकी जिथल्या तिथे. घाण्याचा बैलसुद्धा निदान तेल काढतो. ब्रॉडबँडची तारीख मोबाइलनंतरची, म्हणून त्याची पाळी येईपर्यंत जागा शिल्लक राहत नाही, एवढाच तो खेळ.

ज्या ४,८३५ रुपयांसाठी तुमची झोप उडालीय, त्याहून जास्त रक्कम तुम्ही कार्डवाल्या बँकेला दर महिन्याला देताय. वर्षाला ६९ हजार. तिकडून कुणी ओरडत नाही, प्राचार्यांना फोन करत नाही, कारण तुमच्यासारखं गिऱ्हाईक त्यांना हवंच असतं. मिनिमम भरणाऱ्याला कुठली बँक दुखावेल? उलट 'लिमिट वाढवून देऊ का सर' म्हणून गोड आवाजात फोन येत असेल. त्या फोनला नाही म्हणा. आणि 'थकत नाही' हा शब्द या कार्डसाठी पुन्हा वापरू नका. मिनिमम भरलं की लेट फी वाचते आणि नोंद चांगली राहते, पण थकलेलं सगळं थकलेलंच राहतं. शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तुमचं मोबाइलचं बिलसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजानं चाललंय.

मग दीड लाखांचा वेतनफरक येईल तेव्हा कार्ड नील. तो किती दिवस येतोय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मीही विचारत नाही. विनाअनुदानित महाविद्यालयातल्या फरकाची वाट बघत बसलेले बरेच जण मला भेटलेत. आला तर आनंद आहे. तोपर्यंत वाट बघण्याचं भाडं महिन्याला पावणेसहा हजार आहे. वर्षभरानं आला तर निम्मा आधीच संपलेला असेल.

तुमच्या कॉलेजात सेवकांची पतसंस्था आहे का? नसेल तर शिक्षण संस्थेची एकत्र असेल, किंवा घरातलं सोनं बँकेत तारण ठेवा. १२ टक्के दर धरू. १ लाख ४० हजार, दोन वर्षं, हप्ता येतो साधारण ६,६००. तुम्ही आज भरता त्या मिनिममपेक्षा कमी! दोन वर्षांचं एकूण व्याज १८ हजार, जे कार्डवर सव्वातीन महिन्यांत जातं. आणि चोविसाव्या महिन्यात ते संपतं. कार्डवाल्या बँकेकडे 'बाकी ईएमआयमध्ये बदलून द्या' असं म्हणता येतं, पण दर विचारून, प्रोसेसिंग फीसकट हिशोब करून. पतसंस्थेपेक्षा महाग पडलं तर सोडून द्या. पैसे हातात आले की त्याच दिवशी कार्ड भरा. मध्ये टीव्ही आणू नका. कार्ड रद्द करा असं म्हणत नाही, कपाटात टाका आणि त्यावरचे सगळे ऑटो-पे काढा. मोबाइलची दोन्ही बिलं पगाराच्या खात्यातून जाऊ द्या, किंवा सरळ प्रीपेड करा. घरात बसून वायफायवर चालणाऱ्या फोनला पोस्टपेड कशाला लागतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता त्या मॅडम. वर्षाला ६० हजार, १२ वर्षं, १५व्या वर्षी ११ लाख, असं माहितीपत्रकात दिलंय. ७ लाख २० हजार भरून ११ लाख, ऐकायला छान. परताव्याचा दर काढला तर साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. पोस्टाची योजना याहून बरी. मॅडमनी तुम्हाला 'एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट' असं सांगितलं असणार. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बँकेच्या भिंतीवर लिहून ठेवलंय की काय असं वाटतं. फुकटचा विमा आहे सहा लाखांचा. दोन मुलं, पन्नास हजारांचा पगार आणि सहा लाखांचं कवच, म्हणजे घर वर्षभर चालेल. बँकेतला माणूस तुमच्या बाजूचा नसतो, त्याला त्या महिन्याचं टार्गेट असतं. चहा घ्यावा, सल्ला घेऊ नये.

बघा काय चाललंय: एका हातानं साडेचार टक्क्यांसाठी ६० हजार बाजूला टाकताय आणि दुसऱ्या हातानं बेचाळीस टक्क्यांनी ६९ हजार देताय. फेब्रुवारीचा हप्ता भरू नका. पण पॉलिसी रागानं फेकूही नका. विमा कंपनीला लेखी विचारा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडून परत दिली, तर किती मिळतील, पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर १५व्या वर्षी किती मिळतील, आणि तिच्यावर कर्ज किती मिळेल. तीन आकडे कागदावर मागा, फोनवर नाही. तीन हप्ते झालेत, त्यामुळे पेड-अप होईल. माझा अंदाज, तेच ठीक पडेल, कारण आत्ता सरेंडर केली तर भरलेल्या १ लाख ८० हजारांतला मोठा भाग बुडेल. वाचलेल्या ६० हजारांतून पतसंस्थेच्या कर्जात एक मोठा हप्ता टाका आणि पन्नास लाखांचा शुद्ध टर्म विमा घ्या, म्हणजे फक्त मृत्यूचं कवच, पैसे परत नाहीत. तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल तर, त्याला वर्षाला या हप्त्याचा चौथा हिस्सासुद्धा फारसा ओलांडावा लागणार नाही. तो मिळेपर्यंत, हप्ता थांबवल्यावर सध्याच्या सहा लाखांच्या कवचाचं काय होतं, तेही विमा कंपनीला त्याच पत्रात विचारा.

गृहकर्ज? २५ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता बावीस हजार. त्यात कार्डचे सात, पॉलिसीचे पाच. ५२ हजारांतले ३४ हजार महिना सुरू होण्याआधीच गेले. भाडं वाचेल हे खरं, पण शाळेची फी वाचणार नाही. आणि स्वतःचे घालायचे, मुद्रांक शुल्काचे, नोंदणीचे पैसे कुठून येणार? ते पत्रात नाही. दिवाळी पुढच्या वर्षीही येते. सिबिलचं म्हणाल तर बँकेचा माणूस आधी हे बघेल की १ लाख ४०च्या मर्यादेतले १ लाख ३९ हजार ६०० वापरलेत.

ब्रॉडबँडचं थकलेलं खातं क्रेडिट अहवालात येतच नाही असं मात्र नाही, टेलिकॉमची खाती तिथे दिसू शकतात. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. काढून बघा. चुकीची नोंद असेल तर तिथेच हरकत घ्या. ३० दिवसांत निकाली काढायची असते, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न. भरू नका. भांडूही नका. लिहा.

४,८३५ची फोड अशी आहे: तीन महिन्यांचे २,१२१, उशिराचा दंड ३५४ आणि राउटरचे २,३६०. राउटर कुठे आहे? तुमच्या पत्रात आहे, 'माळ्यावर बॅगेत'. म्हणजे निम्मी मागणी तर तो डबा परत केला की पडते. कंपनीच्या दुकानात नेऊन द्या आणि सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या. त्या मुलाच्या हातात देऊ नका, एकदा दिलंत तेवढं पुरे. मग १९८वर किंवा बिलावर छापलेल्या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवा: अमुक तारखेला बंद करायला सांगितलं, नव्या घराचा भाडेकरार सोबत, जूननंतरचा वापर तुम्हीच तुमच्या यंत्रणेत बघा, शून्य आहे. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, एसएमएसनं येतो, तो जपा. फक्त ४,८३५ माफ करा असं लिहू नका, कार्डवरून गेलेले २,८२८ही परत मागा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, पत्र लिहून उपयोग नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाहीत. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही, आणि टेलिकॉमची तक्रार तिथे चालते हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली स्पष्ट केलंय.

सगळं सुटून शेवटी एका महिन्याच्या ७०७वर मिटत असेल तर मिटवा, मला त्यात कमीपणा वाटत नाही. लेखी अर्ज दिला नव्हता ही तुमचीही चूक आहेच. पण 'एवढे भरलेत की नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं उरलं नाही असं, पत्र देऊ' हे लेखी आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि दिलात तर कंपनीच्या ॲपमधून. वसुलीवाल्यानं पाठवलेल्या क्यूआरवर नाही.

तराजूच्या चित्राची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. बिल थकलं म्हणून कुणी पोलीस पाठवत नाही. लोकअदालतीची नोटीस आली तर मात्र जा, तिथे तडजोड होते, पण पटल्याशिवाय सही करू नका. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. फोनवर एकच वाक्य बोला: "तक्रार क्रमांक अमुक, जे काय ते लेखी कळवा," आणि ठेवून द्या. वसुलीचे फोन सकाळी आठ ते संध्याकाळी सात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम बँकांसाठी आहे, फोन कंपनीला ऐकवू नका, हसतील. प्राचार्यांना फोन केल्याची तारीख, वेळ, नंबर तेवढा लिहून ठेवा, अपिलात लागेल.

राउटर द्यायला जाल तेव्हा त्याचा ॲडॉप्टरही बॅगेत आहे का बघा. नाहीतर त्याचे वेगळे लावतील.