वाचकांचे प्रश्न : जुना फ्लॅट पसंत पडला, पण सुरक्षित आहे का?

प्रश्न : डोंबिवलीत १९८९ साली बांधलेल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही पसंत केला आहे. मालकांनी नुकताच नवा रंग दिलाय, फॉल्स सीलिंगही नवीन आहे. टोकन देण्याआधी आम्हाला स्वतःला काय तपासता येईल?

उत्तर : आधी पार्किंगमध्ये जा. तिथले कॉलम कोणी सजवत नाही, म्हणून इमारतीची खरी प्रकृती तिथेच कळते. पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि ड्रेनेजच्या पाइपांजवळचे कॉलम जमिनीपासून कमरेपर्यंत नीट पाहा. गिलाव्यावरच्या केसासारख्या आडव्यातिडव्या भेगांची फार चिंता नको. कॉलमच्या कोपऱ्यालगत सरळ उभी गेलेली भेग आणि तिच्यातून उतरलेला तपकिरी डाग मात्र गंभीर आहे. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पटीहून अधिक जागा घेतो आणि वरचं काँक्रीट आतून ढकलतो. म्हणून अशी भेग नेमकी सळईच्या रेषेत पडते.

घरात संडास-बाथरूमचं छत सर्वात आधी बघा. वरच्या घराचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरत असतं. छत, बीम आणि छज्ज्याचा खालचा भाग हातोडीच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकत जा. आवाज भरीव असेल तर ठीक. पोकळ आला तर गिलावा सुटलाय. पोकळ जागेजवळ गंजाचा डागही असेल, तर काँक्रीटच फुगलंय असं समजा.

फॉल्स सीलिंगमुळे अडू नका. मालकांची परवानगी घ्या, मेन स्विच बंद करा आणि छतातला एक गोल दिवा हलकेच खाली ओढा. तो दोन स्प्रिंगांवर अडकवलेला असतो. त्या भोकातून मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा. स्लॅबवर उघड्या सळया, पांढरे क्षार किंवा नुकतेच मारलेले सिमेंटचे ठिगळ दिसले, तर फॉल्स सीलिंग ते झाकण्यासाठीच केलंय. दिवा काढायला मालकांनी नकार दिला, तर व्यवहार तिथेच थांबवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यानंतर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवालात नुसते फोटो आणि ‘दुरुस्ती आवश्यक’ एवढाच शेरा असेल, तर त्याचा उपयोग नाही. सळई गंजतेय का, हे विजेच्या दाबावरून सांगणाऱ्या हाफ-सेल चाचणीचे आकडे शोधा. तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोड वापरून केलेल्या चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली वाचन आलं असेल, तर त्या जागी सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. काँक्रीट सळईला अजून गंजापासून वाचवतंय का, हे कार्बोनेशन चाचणी सांगते. तिच्यात ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. काँक्रीट गुलाबी झालं तर सळईचं संरक्षण शाबूत आहे. सळईपर्यंतचा भाग रंगहीन राहिला तर ते संरक्षण संपलंय. महापालिका धोकादायक इमारतींचे वर्ग पाडते. इमारत त्यातल्या सी-१ वर्गात असेल तर ती रिकामी करून पाडायची असते. अशा ठिकाणी पैसे अडकवू नका. सी-२बी म्हणजे रहिवासी आत असतानाच करता येणारी मोठी दुरुस्ती. ती असेल तर खर्चातला तुमचा वाटा किती, हे लेखी घ्या.

प्रश्न : भाड्याच्या घरात वॉशिंग मशिनला ओला हात लागला की मुंग्या येतात. वायरमन म्हणतो, ‘एमसीबी आहे, घाबरू नका.’

उत्तर : घाबरायचं कारण आहे, आणि एमसीबीचा त्याच्याशी संबंध नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो; १६ अँपिअरचा एमसीबी माणसाला बसणाऱ्या झटक्यानं पडतच नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लागतो. पेटीत टेस्टचं बटण असलेला स्विच आहे का, ते पाहा. बटण दाबल्यावर वीज गेली नाही, तर तो निकामी आहे.

मुंग्या येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्थिंग तुटलेलं असणं. मशिनमधल्या फिल्टरमुळे थोडा करंट बॉडीवर येतोच. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्यातून जातो. मल्टिमीटर इथे फसवू शकतो, कारण खराब अर्थिंगवरही तो २३० व्होल्ट दाखवू शकतो. वायरमनकडून १०० वॉटचा बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये लावून घ्या. तो पूर्ण उजेडानं पेटला पाहिजे. आरसीसीबी असेल तर तो लगेच पडेल, आणि ते योग्यच आहे. आरसीसीबी न पडताच बल्ब मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर अर्थिंग नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू देऊ नका : सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडणं. मुंग्या तात्पुरत्या थांबतात, पण पुढे कधी न्यूट्रल तुटली की मशिनच्या पूर्ण बॉडीवर २३० व्होल्ट येतात. दुरुस्ती होईपर्यंत मशिन प्लग काढूनच ठेवा.

प्रश्न : गॅस गिझर बाथरूममध्ये आहे. एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल का?

उत्तर : नाही. बंद खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, चक्कर येते आणि कडी काढायच्या आत पायांतली ताकद जाते. हवा आत यायला वाट नसेल, तर फॅन गिझरचा धूर उलट खोलीतच ओढू शकतो. गिझर ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या जागी हलवा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या. त्याच वेळी गॅसच्या रबरी नळीवरचं वर्ष वाचा. सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं असतं; मुदत संपली असेल तर नवी घ्या.

प्रश्न : सगळ्या खिडक्यांना पक्कं ग्रिल आहे. आगीच्या वेळी काय?

उत्तर : रस्त्याच्या बाजूच्या एका ग्रिलमध्ये प्रौढ माणूस सहज बाहेर पडेल एवढं, साधारण दोन फूट बाय अडीच फूट, उघडणारं दार करून घ्या. किल्ली त्याच खिडकीजवळ, मुलांचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर टांगा आणि घरात सगळ्यांना दाखवून ठेवा. लहान मुलं असतील तर दोन गजांतलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आडवे गज मुलांना चढायला सोपे जातात, म्हणून गज उभेच घ्या. बाहेर काढलेल्या ग्रिलवर कुंड्या ठेवू नका : पाण्यानं बोल्टांच्या मुळाशी गंज धरतो, तो रंगाखाली दिसत नाही आणि कुंडी खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडू शकते.